पाच रुपये तेच, पुडा तो नाही

भांड्याच्या साबणाची दहा रुपयांची वडी, आलू भुजियाची दहाचीच पुडी, ग्लुकोज बिस्किटांचा पाचवाला पुडा. किमती जागच्या हलल्या नाहीत, तरी तिन्ही वस्तू महाग झाल्या. २०२२ साली महागाईने जोर धरला तेव्हा वर्तमानपत्रांतून आकडे आले होते. विमची वडी १५५ ग्रॅमवरून १३५ वर आली, हल्दीरामची भुजियाची पुडी ५५ वरून ४२ वर आणि पार्ले-जीचा पाचवाला पुडा ६४ वरून ५५ ग्रॅमवर. भाव वाढला असता तर गिऱ्हाईक दुकानदाराशी हुज्जत घालून गेलं असतं. वजन उतरलं तेव्हा कोणी ब्र काढला नाही, कारण बहुतेकांना पत्ताच लागला नाही.

यात गैर काय, असं विचारणारी माणसं आहेत आणि ती सगळी लबाड नाहीत. त्यांचं म्हणणं नीट मांडायला हवं म्हणून हा लेख संवादाच्या रूपात लिहिते आहे. बोलणारी दोघं एकाच घरातली. भाऊजींची कराडला बिस्किटं, फरसाण आणि साबणाची एजन्सी. त्यांची गाडी ढेबेवाडी-तारळ्यापर्यंत माल टाकते. वहिनी पोळी-भाजीचे डबे देतात, महिन्याचं सामान स्वतः आणतात आणि त्याचा हिशेब वहीत ठेवतात. दोघंही माझ्या कल्पनेतली आहेत, आकडे आणि नियम मात्र खरे. माझा कल वहिनींकडे आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

वहिनी: भाऊजी, भुजियाच्या पुडीतले १३ ग्रॅम गेले. टक्क्यांत सांगायचं तर माल २४ टक्क्यांनी कमी झाला. पण मला पूर्वीइतकीच, ५५ ग्रॅम हवी असेल तर आता १३ रुपयांच्या वर पैसे लागतात. म्हणजे भाव ३१ टक्क्यांनी वाढला. हे ३१ टक्के कोणी कोणाला सांगितले?

भाऊजी: पुडीवर ४२ ग्रॅम असं छापलेलं होतं वहिनी. लपवलं काहीच नाही. आणि ते वर्ष आठवा. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल यायचं थांबलं. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच बंद केली. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. बिस्किटात पाम तेल, फरसाणात पाम तेल, साबणातही तेच. कच्चा माल एवढा भडकला तर कंपनीने करायचं काय?

वहिनी: भाव वाढवायचा. आम्हीही वाढवला. डब्यामागे दहा रुपये वाढवताना मी प्रत्येकाला आठवडाभर आधी सांगितलं. दोघांनी डबा बंद केला, बाकीचे राहिले. पोळ्या चाराच्या तीन करून पैसे तेवढेच घेतले असते तर त्यांनी मला काय म्हटलं असतं?

भाऊजी: तुमचं गिऱ्हाईक तुमच्या दारात येतं, तुम्ही त्याच्याशी बोलू शकता. माझा पाचवाला पुडा कोण घेतं, ते बघा. ऊसतोडीच्या टोळीतली बाई घेते, शाळेत निघालेलं पोर घेतं, एसटी स्टँडवर चहाबरोबर कोणीतरी घेतं. त्यांच्या हातात पाचचं नाणं असतं. पुडा सहाचा झाला की त्यांना तो मिळतच नाही. पाच आणि दहा हे आमच्या धंद्यातले खुंटे आहेत. ते हलवले की सेल कोसळतो, हे प्रत्येक कंपनीला माहीत आहे. पाचात ६४ ऐवजी ५५ ग्रॅम मिळाले तरी पोराच्या पोटात काहीतरी गेलं ना?

इथे भाऊजींचं म्हणणं मला सहजासहजी बाजूला सारता येत नाही. ज्याच्याकडे पाचच रुपये आहेत त्याच्या दृष्टीने सहा रुपयांचा मोठा पुडा असून नसून सारखा. लहान पुड्यांनी गावखेड्यातल्या माणसाला साबण, शाम्पू, चहा, बिस्किट परवडू दिलं, ही गोष्ट खरीच आहे.

वहिनी: पोराच्या पोटाचं म्हणत असाल तर त्याच पोराच्या पोटातून ९ ग्रॅम गेले, तेही बघा. ज्याच्याकडे पन्नास रुपये आहेत तो मोठा पुडा घेऊन वाचतो. पाचवाल्याला दुसरा पर्यायच नाही, म्हणून कात्री पहिल्यांदा त्याच्याच पुड्याला लागते. शिवाय सुट्ट्या पैशांची सबब आता किती दिवस सांगणार? तारळ्याच्या टपरीवरसुद्धा क्यूआर कोड लावलाय. साडेपाच रुपयेही पाठवता येतात.

भाऊजी: पोराकडे फोन नसतो वहिनी. ऊसतोडीच्या बाईकडे असला तरी त्यात रिचार्ज नसतो. आणि सुट्ट्यांची सबब नाही, अनुभव आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पाच रुपयांच्या पुड्याचा हिशेब ४ रुपये ४५ पैसे झाला. आता ४५ पैसे द्यायचे कसे? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ सालीच चलनातून गेली. दुकानदार पाचच घेत होता आणि गिऱ्हाईक त्याच्याशी भांडत होतं. म्हणून तर कंपन्या म्हणाल्या, किंमत पाचच राहू द्या, आम्ही माल जास्त देतो. बघा, वजन वाढवायचीही वेळ आली की आम्ही वाढवतो!

वहिनी: वाढवता, आणि ‘जादा’ असं पुड्याच्या तोंडावर ठळक छापता. मला तेच म्हणायचंय. वजन वाढलं की तोंडावर, घटलं की मागच्या बाजूला, घडीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. दोन्ही वेळा सारखंच छापा, माझी तक्रार मिटली.

भाऊजी गप्प झाले नाहीत, पण त्यांनी विषय बदलून न्यायालयाकडे नेला. तेही अपुरंच सांगितलं, म्हणून पुरं मी सांगते. नोव्हेंबर २०१७ मध्ये बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला होता. त्या वेळच्या एका प्रकरणात वितरकाचा बचाव असा होता, की किंमत उतरवली नसली तरी त्याच किमतीत माल वाढवून दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो मानला नाही. कर उतरला तर गिऱ्हाईकाला किंमत उतरलेली दिसली पाहिजे, न मागता जास्त माल गळ्यात मारणं म्हणजे फायदा पोचवणं नव्हे, असा त्या निकालाचा रोख आहे. किंमत आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीच्या आड दुसरी हलवता येत नाही, हे तत्त्व त्यातून निघतं असं मला वाटतं. कर उतरताना जे चालत नाही, ते खर्च चढताना का चालावं?

भाऊजी: न्यायालयाचं राहू द्या. कायदा तुमच्या बाजूने आधीच आहे. प्रत्येक पाकिटावर आता युनिट सेल प्राइस छापावी लागते. १ जानेवारी २०२४ पासून ते सक्तीचं आहे. एका ग्रॅमला किती पडले, ते लिहिलेलं असतं. दोन पाकिटं शेजारी धरा आणि स्वस्त असेल ते उचला. आणखी काय हवंय?

वहिनी: मी धरली होती भाऊजी. सुपरमार्केटात उभी राहून धरली. रव्याची ९०० ग्रॅमची पिशवी होती. हो, किलोची नव्हती, ९०० ग्रॅमचीच, दिसायला मात्र किलोच्या पिशवीएवढी. तिच्यावर ग्रॅमचा दर: ० रुपये ०६ पैसे. शेजारी दोन किलोची, तिच्यावर किलोचा दर: ५५ रुपये. नियमच तसा आहे. किलोच्या आत माल असेल तर दर ग्रॅमला, किलोच्या वर असेल तर किलोला. आता मी तिथे गुणाकार करत बसू, की मागे रांगेत उभ्या असलेल्यांच्या शिव्या खाऊ? बरं, केला गुणाकार. सहा पैशांनी किलोला साठ रुपये आले. पण ते साठसुद्धा खरे नाहीत.

भाऊजी: का नाहीत?

वहिनी: कारण दर दोनच दशांशांपर्यंत छापतात, पुढचं जवळच्या आकड्यात मिसळतात. ९०० ग्रॅमची पिशवी ५० रुपयांना असली तरी सहा पैसे, ५८ रुपयांना असली तरी सहाच पैसे. आठ रुपयांचा फरक आणि छापील दर सारखा! तुमचा पाचवाला पुडा घ्या. तो ५८ ग्रॅमचा असो की ५३ ग्रॅमचा, ग्रॅमचा दर ९ पैसेच येतो. म्हणजे कंपनीने उद्या आणखी पाच ग्रॅम उडवले तरी ज्या आकड्यावर मी विसंबायचं तो जागचा हलणार नाही.

हा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. कागद-पेन्सिलीचं दोन मिनिटांचं काम आहे. ग्राहकाच्या हाती दिलेलं एकमेव माप इतकं भोंगळ असेल तर ते देऊन न दिल्यासारखंच आहे. आणि हे माप मुळात कशाच्या बदल्यात मिळालं, तेही लक्षात ठेवायला हवं. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत एक परिशिष्ट होतं. चहा, बिस्किट, पाव, खाद्यतेल, तांदूळ, कणीक, मीठ, साबण अशा १९ प्रकारच्या वस्तू कोणत्या वजनांतच विकायच्या, हे त्यात ठरवून दिलेलं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट रद्द झालं. कंपन्यांना हवं ते वजन भरायची मोकळीक मिळाली आणि ग्राहकाला त्याबदली हा ग्रॅममागचा दर मिळाला. मोकळीक पुरती मिळाली, दर अर्धामुर्धा.

भाऊजी: ते परिशिष्ट होतं तेव्हा काय सोन्याचा धूर निघत होता? ठरलेली वजनं म्हणजे २०० च्या खाली यायचं तर एकदम पुढच्या पायरीवर यायचं. मधलं वजन भरताच यायचं नाही. थोडा खर्च वाढला तर थोडं वजन घटवता आलं पाहिजे, नाहीतर कंपनी एकदम मोठी उडी मारते. तुमचाच तोटा होतो त्यात.

वहिनी: फरसाणाचं, चॉकलेटचं मी मान्य करीन. हवं त्या वजनात विका. पण तेल, कणीक, साखर, चहा, मीठ? रोज लागणाऱ्या वस्तूंना ठरलेलं माप असायलाच हवं. माझ्याकडे तेलाचा डबा येतो. दुकानात दोन डबे शेजारी शेजारी असतात. पत्रा तसाच, चित्र तेच, उंचीत बोटभराचा फरक. एकावर १५ किलो, दुसऱ्यावर १५ लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरमध्ये साधारण ९१० ग्रॅम बसतं. म्हणजे लिटरवाल्या डब्यात तेल भरतं साडेतेरा किलोच्या जरा वर. सव्वा किलोपेक्षा जास्त तेलाचा फरक आहे हा! नवखी बाई ‘पंधराचा डबा द्या’ म्हणते आणि जो स्वस्त सांगतील तो उचलून आणते.

भाऊजी: डब्यावर लिटर लिहिलेलं असतं.

वहिनी: आणि पाऊचवर? पूर्वी एक लिटरचं पाऊच म्हणजे ९१० ग्रॅम, हे बाईमाणसाला पाठ होतं. आता ८५० ग्रॅमचं येतं, ८०० चंही येतं, आणि दुकानात सगळ्याला म्हणतात ‘लिटरची पिशवी’.

तेलाबद्दल एक गोष्ट माझ्या पदरची. काही कंपन्या पाकिटावर लिटरसोबत तापमानही लिहीत. तेल तापलं की फुगतं, तेव्हा तापमान जितकं चढं धरावं तितकं कमी तेल ‘एक लिटर’ म्हणून भरता येतं. केंद्र सरकारनेच ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं की ६० अंशांपर्यंतची तापमानं छापली जात आहेत. सोयाबीन तेलाचं एक लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. साठ अंशांवर तेल ठेवणारं स्वयंपाकघर महाराष्ट्रात कुठे सापडेल? सरकारने कंपन्यांना १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली आणि तापमानाचा उल्लेख काढून लिटरबरोबर खरं वजन छापायला सांगितलं. ही लबाडी ग्राहकाने एकट्याने पकडली नसती. तिथे सरकारनेच बडगा उगारावा लागला, आणि उगारल्यावर उपयोग झाला.

भाऊजी: बरं, तुम्ही मागता तरी काय? फ्रान्समध्ये केलं तसं? १ जुलै २०२४ पासून तिथे वजन घटलेल्या मालापाशी दुकानदाराने दोन महिने पाटी लावायची. तीही चारशे चौरस मीटरच्या वरच्या मोठ्या दुकानांनी. आमच्या पाटणच्या किराणावाल्याने पाट्या लावायच्या का? त्याच्याकडे चारशे तऱ्हेचा माल, एकटा माणूस, वर लाइट गेलेली.

वहिनी: किराणावाल्यावर कशाला टाकता? दक्षिण कोरियात ऑगस्ट २०२४ पासून ही जबाबदारी उत्पादकावर आहे. वजन घटवलं आणि ग्राहकाला सांगितलं नाही तर दंड. आपल्याकडेही छापखाना कंपनीचा, पाकीट कंपनीचं. त्याच्या तोंडावर एवढंच छापायचं: आधी ६४ ग्रॅम, आता ५५ ग्रॅम. सहा महिने छापा, मग काढून टाका.

भाऊजी: एकाने छापलं तर त्याचा माल पडून राहील. शेजारचा न छापता विकेल.

वहिनी: म्हणून तर सगळ्यांना सक्तीचं हवं. तुम्हीच मघाशी म्हणालात, भाव वाढवणारी पहिली कंपनी मार खाते. आज जी सांगून-सवरून भाव वाढवते ती मागे पडते आणि जी गुपचूप वजन काढते ती टिकते. तुमच्या एजन्सीत दोन्ही कंपन्यांचा माल असेल. कोणती टिकावी असं तुम्हाला वाटतं?

भाऊजी: मला माल विकला गेलेला हवा. पण खरं सांगू का? वजन घटलं की शिव्या कंपनीला बसत नाहीत. दुकानदार माझ्या सेल्समनला बोलतो आणि गिऱ्हाईक दुकानदाराला. ‘पुडा हलका लागतोय, काय गडबड आहे?’ असं म्हणणारे आम्हाला चोर समजतात. पाकिटावर कंपनीनेच लिहिलं तर त्यातून तरी आम्ही सुटू. मात्र पाचचा खुंटा हलवायला माझा विरोध आहे, तो राहील.

वहिनी: ठेवा तुमचा खुंटा. मला वजन दिसलं पाहिजे.

एवढ्यावर दोघं थांबली. खुंट्याबद्दल त्यांचं एकमत झालं नाही, व्हायची गरजही नाही. कच्चा माल महागला तर भाव वाढणार, हे वहिनी जाणतात. त्यांचा झगडा महागाईशी नाही, न सांगता केलेल्या महागाईशी आहे, आणि तोच झगडा माझाही आहे. घरचं सामान आणणारी बाई महिन्याच्या पैशांत महिना बसवते. साखर, तेल, साबण किती दिवस पुरतात याचा तिचा अंदाज वर्षानुवर्षांचा असतो. साबण पंचविसाव्या दिवशी संपला तर ती आधी मुलांवर ओरडते, मग कामवालीवर संशय घेते. वडीच वीस ग्रॅमनी लहान झाली होती, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. कंपनीच्या ताळेबंदात ते २० ग्रॅम बचत म्हणून दिसतात, आणि घरात त्यांचा ठपका भलत्याच माणसावर जातो.

सरकारकडे मागायच्या गोष्टी तीन आहेत. पाकीट लहान असो की मोठं, दर सर्वांवर किलोला किंवा लिटरलाच छापला जावा आणि तो किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात असावा. वजन घटवलं तर जुनं आणि नवं वजन पाकिटाच्या दर्शनी बाजूवर सहा महिने दिसावं. तेल, कणीक, तांदूळ, चहा, मीठ यांना ठरलेली वजनं परत लागू व्हावीत. यातल्या एकाही गोष्टीने कंपनीचा भाव वाढवायचा हक्क जात नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते वापरायला हवं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासदांसाठी एकत्र खरेदी करून घरगुती सामान रास्त भावात वाटते आहे. चाळीत, सोसायटीत, बचत गटात चार घरांनी मिळून धान्य आणि तेल घेतलं तरी पाकिटांचा हा खेळ बराचसा टळतो. दुकानात पाकीट उचलल्यावर किमतीआधी वजन वाचा. रोज लागणाऱ्या दहा वस्तूंची वजनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी ताडून पाहा. वजन घटवणं आज गुन्हा नाही, त्यामुळे त्यावर तक्रार चालणार नाही. पण पाकिटावर निव्वळ वजन नसणं, ग्रॅममागचा वा किलोमागचा दर नसणं आणि छापलेल्या वजनापेक्षा माल कमी भरणं हे नियमभंग आहेत. असं पाकीट सापडलं तर त्याचा फोटो काढा, बिल जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.